फोमचा भुगा, मुका ट्वीटर आणि डबा किती लिटरचा?

यावेळी स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांची आणि घरी बनवणाऱ्यांची पत्रं एकत्र घेतलीयेत. बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच आहे, "काय विकत घेऊ?" आणि माझा उलटा प्रश्नही प्रत्येकाला तोच आहे, आधी नेमकं काय बिघडलंय ते बघितलंत का? मल्टीमीटर हातात असेल तर अर्धी खरेदी तिथेच वाचते.

प्रश्न : नमस्कार, वडिलांचे जुने मोठे स्पीकर माळ्यावरून काढले, जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा होऊन खाली पडला. वापरात नसताना खराब कसा झाला? एक जण म्हणतो वूफरच बदला, दुसरा म्हणतो फोमऐवजी रबर लावा म्हणजे कायमची कटकट मिटेल. काय करू?

वापरात नव्हता म्हणून वाचला असेल असं वाटतं खरं, पण हा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला दमटपणा, ऑक्सिजन आणि उजेड हे तिघं मिळून त्याला आतून खातात, गाणी वाजोत न वाजोत. कोन (पुढचा हलणारा भोंगा) शाबूत, कॉइल (त्यामागची तारेची गुंडाळी) शाबूत, फक्त कड गेली, तर वूफर बदलू नका. नवीन वूफर त्या डब्यासाठी आणि त्या क्रॉसओव्हरसाठी (खालचे सूर मोठ्या वूफरला आणि वरचे छोट्या ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) बनलेला नसतो, भोकात बसला म्हणजे जुळला असं होत नाही.

आधी तपासणी. मल्टीमीटर ओहमवर ठेवून वूफरच्या दोन टर्मिनलला लावा, ८ ओहमच्या वूफरला साधारण साडेपाच ते साडेसहा दिसलं पाहिजे, ८ दिसत नाही म्हणून घाबरू नका कारण ८ हा आकडा एसी सिग्नलचा असतो आणि मीटर डीसीने मोजतं. मग दोन्ही हातांचे अंगठे कोनवर समोरासमोर ठेवून हळूच आत दाबा, खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय, पण कड तुटलेली असताना कोन एका बाजूला कललेला असतो त्यामुळे थोडी खरखर इथे चालून जाते, नवीन फोम लागल्यावर परत बघायचं.

रबराचं म्हणाल तर मी नको म्हणेन. रबर जड असतं आणि बऱ्याचदा कडकही, त्याने वूफरची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी सरकते आणि डबा तर जुन्याच आकड्यांवर बनवलेला आहे. फोमला फोमच. आणि उलटंही लक्षात ठेवा, जुन्या काही वूफरना मेणचट कापडाची कड असते, ती चिकट आणि कळकट दिसते पण खराब नसते, तिला उपटून फोम लावणारे लोक बघितले की जीव कळवळतो.

नवीन फोम मागवताना "आठ इंची" एवढं सांगून भागत नाही. फ्रेमचा बाहेरचा व्यास, कोनचा जिथे फोम चिकटतो तिथला व्यास, आणि गोल उंचवट्याची रुंदी, ही तीन मापं घ्या. जुना फोम कोनच्या पुढून चिकटवलाय का मागून तेही बघून ठेवा. मग जुना गोंद साफ करायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बोथट पातं घेऊन, कागदी कोन असेल तर अगदी हलक्या हाताने, हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो पण इथे घाई केली तर पुढचं सगळं वाकडं बसतं. फोम आधी कोनला चिकटवा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतरच फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना कॉइल मधोमध राहिली पाहिजे, त्याला दोन रस्ते आहेत. एक, डस्ट कॅप (कोनच्या मधली गोल टोपी) अलगद कापून कॉइल आणि मधल्या लोखंडी खांबाच्या फटीत चारी बाजूंनी पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचायच्या आणि गोंद वाळला की काढायच्या. दोन, डस्ट कॅप न कापता ॲम्पवरून २०-३० हर्ट्झचा टोन अगदी बारीक आवाजात सोडायचा, कोन हलत राहतो, कान लावून ऐकायचं आणि घासल्याचा आवाज नसेल त्या जागी फोम दाबून धरायचा. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी पट्ट्यांचा रस्ता सांगेन, नवीन डस्ट कॅप लावावी लागते पण खात्री असते.

गोंद वाळल्यावर लवचीक राहणारा हवा. सुपरग्लू नको, तो दगड होतो. बाथरूमचं सिलिकॉन तर अजिबात नको, वाळताना ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिड सोडतं आणि आत तांब्याची कॉइल आहे.

प्रश्न : माझे स्पीकर पंचवीस-तीस वर्षं जुने आहेत, आवाज बंद बंद वाटतो. क्रॉसओव्हरचे सगळे कपॅसिटर महागातले फिल्मवाले टाकले की पडदा उघडल्यासारखा आवाज येतो असं सगळे म्हणतात. खरंय का?

अर्धं खरंय. क्रॉसओव्हरमध्ये जुने कपॅसिटर बहुतेक वेळा नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक असतात, आत ओलं रसायन असतं, ते वर्षानुवर्षं सुकतं, मग मूल्य सरकतं आणि आतला रेझिस्टन्स वाढतो. ट्वीटरच्या वाटेत असा कपॅसिटर असेल तर ट्रेबल दबणारच. तेव्हा बदला, जरूर बदला, पण एक पाय सोडवून मोजा आधी. मूल्य ठीक आणि रेझिस्टन्स कमी असेल तर आवाज बंद होण्याचं कारण दुसरीकडे आहे.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालेल. आता गंमत अशी की नवीन फिल्म कपॅसिटरचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळपास नसतोच, आणि ज्याने स्पीकर डिझाइन केला त्याने कदाचित जुन्या कपॅसिटरचा तो थोडा रेझिस्टन्स हिशोबात धरला असेल, म्हणून बदलल्यावर काही जणांना आवाज चिरका वाटतो. तसं झालं तर कपॅसिटरच्या मालिकेत पाव ते अर्ध्या ओहमचा रेझिस्टर टाकून ऐका. आणि एक बाजू बदलून एक जुनी ठेवू नका, दोन्ही स्पीकर एकदमच.

महाग आणि फार महाग यातला फरक? मला विचाराल तर मूल्य बरोबर असलेला साधा पॉलिप्रोपिलीन पुरे. तेवढे पैसे मापन करायच्या माइकवर घालवा, ते जास्त कामी येतील.

अजून एक शक्यता, बऱ्याच ट्वीटरच्या फटीत फेरोफ्लुइड म्हणजे चुंबकीय तेल असतं, ते जुनं झालं की घट्ट होतं आणि ट्वीटर मुका नाही पण मंद होतो, मीटरवर मात्र सगळं ठीक दिसतं. कपॅसिटर बदलूनही काही फरक नाही पडला तर तिथे बघा, टीपकागदाच्या बारीक पट्ट्यांनी जुनं तेल टिपून काढता येतं आणि योग्य प्रकारचं नवीन, मापात भरता येतं.

प्रश्न : सर, साडेसहा इंची वूफरची जोडी घेतली. कागदावर लिहिलंय एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, क्यूईएस ०.४५, व्हीएएस ३० लिटर. सुतार विचारतो डबा केवढा, मी काय सांगू? भोकवाला करू का बंद?

तुम्ही आकडे पाठवलेत याचा मला किती आनंद झालाय सांगू. बाकीची पत्रं "चांगला बास यायला डबा केवढा" एवढीच असतात, त्याला उत्तर नाही.

या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. एफएस म्हणजे वूफरची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी, क्यूटीएस आणि क्यूईएस कोनच्या हालचालीला लगाम किती ते सांगतात, आणि व्हीएएस म्हणजे वूफरच्या कडेएवढी लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोकाच्या डब्याचं (ज्याच्या भोकातल्या नळीतूनही बास बाहेर येतो) गणित मांडलं, ते जगभर पोचलं १९७१ मध्ये परत छापलं तेव्हा, आणि रिचर्ड स्मॉल यांनी लगेच पुढच्या वर्षांत ते बंद डब्यासकट पूर्ण केलं. त्याच्या आधीही उत्तम स्पीकर बनत होतेच, एडगर विलचर यांचा एआर-१ हा छोट्या बंद डब्यातला स्पीकर १९५४ चा, पण आता आपल्यासारख्या हौशी माणसालाही लाकूड कापायच्या आधी बास कुठपर्यंत जाणार ते कागदावर कळतं ही केवढी सोय.

बंद डब्यासाठी क्यूटीसी (डब्यात बसवल्यावरचा क्यू) ०.७०७ धरा, म्हणजे बास सपाट उतरतो, घुमत नाही. आता ०.७०७ ला क्यूटीएस ०.४ ने भागा, आलं १.७७, त्याचा वर्ग ३.१२, त्यातून १ वजा, २.१२. व्हीएएस ३० ला या २.१२ ने भागलं की १४ लिटर. झालं. आणि ४० हर्ट्झला त्याच १.७७ ने गुणलं की ७१, म्हणजे तुमचा बास ७१ हर्ट्झला ३ डीबी खाली असेल आणि त्याखाली हळूहळू उतरत जाईल. छोट्या खोलीत भिंती थोडी मदत करतात त्यामुळे ऐकायला एवढा कमी वाटत नाही.

भोकवाला का बंद, याचा एक ढोबळ ठोकताळा आहे, एफएसला क्यूईएसने भागायचं, ५० च्या खाली आलं तर बंद, १०० च्या वर तर भोक. तुमचं ४० भागिले ०.४५ म्हणजे ८९, दोन्ही चालतील. भोकवाला जास्त खोल जाईल, पण भोकाची लांबी चुकली तर एकाच सुरावर भुंभुं करतो, आणि ज्या फ्रिक्वेन्सीला भोक ट्यून केलंय त्याच्या खाली कोनला लगाम उरत नाही, जोरात वाजवलं तर कोन वेड्यासारखा हलतो. पहिलाच डबा आहे ना, बंद करा. भोकवाला करायचाच असेल तर विनआयएसडीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये आकडे टाकून बघितल्याशिवाय करवत हातात घेऊ नका.

सुताराला सांगायचं माप : १४ लिटर निव्वळ, वूफरचं मागचं धूड आणि आतला आडवा आधार मिळून एक लिटर धरा, म्हणजे १५. आतून २० × २२ × ३४ सेंटिमीटर केलंत की जवळपास बरोबर १५ लिटर येतं. तिन्ही बाजू सारख्या ठेवू नका, नाहीतर तिन्ही दिशांचे आतले प्रतिध्वनी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमा होतात. १८ मिलिमीटरचं प्लायवूड किंवा एमडीएफ, सगळे सांधे हवाबंद, आत थोडा पॉलिएस्टर कापूस सैलसर. एमडीएफ कापणार असाल तर मास्क लावूनच, ती धूळ फुप्फुसाला वाईट आणि त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं.

प्रश्न : पार्टीत आवाज मोठा केला आणि एक ट्वीटर गेला. ॲम्प तर स्पीकरपेक्षा कमी वॉटचा होता, मग कसा जळला?

कमी वॉटचा होता म्हणूनच, बऱ्याचदा. ॲम्पची ताकद संपली की लाटेचे माथे कापले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, बासचे माथे कापले जात असताना ट्रेबल मात्र वाढतच राहतो आणि कापलेल्या कडांमधून नवीन वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात त्या वेगळ्याच, सगळं ओझं बिचाऱ्या ट्वीटरच्या केसाएवढ्या तारेवर. आवाज दुप्पट वॉटने फक्त ३ डीबीच वाढतो, त्यामुळे "अजून थोडा" म्हणत नॉब फिरवला की वॉट कुठच्या कुठे जातात. ट्वीटर सोडवून मीटर लावा, काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. त्याच मॉडेलचा डायाफ्रॅम किंवा त्याच मॉडेलचा ट्वीटर शोधा. दुसरा कुठलातरी "८ ओहमचा आहे ना" म्हणून लावू नका.

प्रश्न : तयार क्रॉसओव्हर बोर्ड आणला, ३००० हर्ट्झ, ८ ओहम लिहिलेला. वूफर-ट्वीटर दोन्ही ८ ओहम. तरी गाणाऱ्याचा आवाज पोकळ येतो आणि ट्रेबल कानाला टोचतो. बोर्ड खराब आहे का?

बोर्ड खराब नाही, बोर्डाला तुमचा वूफर माहीत नाही एवढंच. त्याचं गणित शुद्ध ८ ओहमच्या रेझिस्टरवर केलेलं असतं आणि खरा वूफर ३००० हर्ट्झला पंधरा-वीस ओहमपर्यंत चढलेला असू शकतो कारण कॉइलला इंडक्टन्स असतो, मग फिल्टर त्याला धड कापतच नाही.

पहिलं काम फुकट आहे, ट्वीटरच्या दोन वायर उलटसुलट करून ऐका. दुसऱ्या ऑर्डरच्या फिल्टरमध्ये (प्रत्येक वाटेत एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो तो) क्रॉसओव्हरच्या जागी वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या उलट फेजमध्ये येतात, सरळ जोडले तर एकमेकांना खातात, आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ होण्याचं ते एक नेहमीचं कारण. कुठली वायर प्लस याची शंका असेल तर वूफरला दीड व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा, प्लसला प्लस असताना कोन बाहेर आला पाहिजे (जेबीएल कंपनीच्या काही जुन्या स्पीकरमध्ये मुद्दाम उलटं असतं, गोंधळू नका).

टोचण्याचं दुसरं कारण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत कोण किती मोठ्याने वाजतो ते. वूफर ८६ डीबीचा आणि ट्वीटर ९१ चा असेल तर ५ डीबी जास्त ओरडणारच, वरून डब्याची पुढची फळी अरुंद असली की खालचे सूर मागे वळून जातात आणि वरचे पुढेच राहतात, २३-२४ सेंटिमीटरच्या फळीला हा बदल ५०० हर्ट्झच्या आसपास होतो. उपाय एल-पॅड, म्हणजे ट्वीटरचा आवाज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी, ८ ओहमच्या ट्वीटरला ५ डीबी कमी करायला मालिकेत साडेतीन ओहम आणि ट्वीटरला समांतर १० ओहम, दोन्ही निदान १० वॉटचे. वूफरला समांतर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावून तो चढणारा इम्पीडन्सही सपाट करता येतो, रेझिस्टर वूफरच्या मीटरवरच्या ओहमच्या सव्वापट धरून सुरुवात करा.

पुढे जायचं असेल तर यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हा आवाज मोजायचा फुकट प्रोग्रॅम. ऐकून जी जोडणी ठरवलीत तिच्या उलट ट्वीटर मुद्दाम जोडून मोजा, ग्राफमध्ये क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा पडला तर ठरवलेल्या जोडणीत दोघं छान एकत्र वाजतायत असं समजा. कानाने हे कळायला महिने जातात, ग्राफ लगेच दाखवतो.

प्रश्न : जाड, महाग स्पीकर केबलने फरक पडतो का?

दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. पुढचा प्रश्न.

प्रश्न : छोटा क्लास डी ॲम्प बोर्ड घेतलाय. दोन स्पीकरच्या काळ्या वायर एकत्र करून एकच वायर ओढली, म्हटलं वायर वाचेल, तर बोर्ड चालू होऊन लगेच बंद पडतो. बोर्ड गेला का?

बहुतेक गेला नाहीये, स्वतःला वाचवतोय. या छोट्या बोर्डांमध्ये आउटपुट बऱ्याचदा ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे काळं टर्मिनल ग्राउंड नसतंच, लाल आणि काळं दोन्ही जिवंत असतात आणि एकमेकांच्या उलट हलतात. दोन चॅनलची काळी टोकं जोडलीत म्हणजे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट केलीत. वायर सोडवा, प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी ओढा आणि परत चालू करून बघा. डब्याच्या धातूच्या पट्टीला किंवा दुसऱ्या कुठल्या ग्राउंडलाही काळी वायर लागू देऊ नका. आणि पुढे दोन जोड्या बदलून ऐकायला स्विच बसवणार असाल तर लाल-काळी दोन्ही एकाच वेळी तोडणारा स्विच घ्या, काळी सगळ्यांची कॉमन ठेवणारे स्विचबॉक्स या बोर्डांना चालत नाहीत.