पन्नास हजारांचा कोर्स की दहा रुपयांची सिरिंज?

चंद्रपूरची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी लिहिते: ‘लहानपणापासून औष्णिक केंद्राच्या चिमण्या बघतेय. प्रोजेक्टला आडव्या वाऱ्यातल्या तिरक्या झोताचा विषय घेतलाय. सगळे म्हणतात, सीएफडीचा, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवण्याचा कोर्स कर. फी पन्नास हजार. करू का? आणि पुढे पर्यावरण घेऊ की मेकॅनिकलच ठेवू?’

कोर्स आत्ता नको. सॉफ्टवेअर रंगीत चित्रं काढून देतं, ती खरी आहेत का हे सांगत नाही. शिवाय त्यासाठीचं ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आधी झोत डोळ्यांनी बघ. सिव्हिलच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये काचेच्या बाजूंचा फ्लूम, म्हणजे वाहत्या पाण्याचा लांब पाट असेल, तर त्याच्या तळाशी सिरिंजची सुई बसव आणि वाहत्या पाण्याच्या साधारण तिप्पट वेगाने परमँगनेटचं पाणी सोड. सुई प्रवाहाच्या दिशेने झुकवलीस की झोत लवकर आडवा होतो, तळाजवळ राहतो. विरुद्ध झुकवलीस की आधी प्रवाहात उलटा घुसतो, मग वळतो आणि तोंडापाशीच जास्त ढवळला जातो. थोडं पुढे आडवा छेद बघ, जांभळा रंग काजूगरासारखा दिसेल. उलटसुलट फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांची ती जोडी. आजूबाजूचं पाणी आत ओढते ती तीच.

धुराला याशिवाय उष्णतेची उचल असते. पण बाहेर पडण्याचा वेग वाऱ्याच्या दीडपटीखाली गेला, की धूर चिमणीच्या आडोशाला खाली खेचला जातो. पावसासाठी चिमणीवर टोपी बसवणाऱ्यांवर माझा जुना राग आहे: पाणी अडतं खरं, पण झोताचा वर जायचा जोरही मरतो.

गॅस टर्बाइनच्या पात्यांतही तिरके झोतच असतात. तिथे साधारण 30-35 अंशांच्या छिद्रांतून थंड हवा सोडतात आणि ती पात्याला चिकटून राहावी, मिसळूच नये, अशी धडपड असते. हाच झोत दोन्ही शाखांत लागतो, म्हणून शाखेची घाई नको. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला मेकॅनिकलचा पेपर आहेच, 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचाही आहे. नागपूरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था तुला जवळ. तिथे इंटर्नशिपसाठी अर्ज कर, सोबत फ्लूमचे व्हिडिओ जोड. पर्यावरण मंजुरीचे अहवाल करणाऱ्या सल्लागारांना एअरमॉड, म्हणजे धूर हवेत कसा पसरेल याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, चालवणारी माणसं लागतात, तेही फुकटच आहे.

एक सांभाळ. फ्लूमचं पाणी फिरून परत टाकीत येतं. रंग थोडाच सोड, नाहीतर दुपारच्या बॅचला जांभळं पाणी मिळेल आणि लॅब असिस्टंट तुला पुन्हा किल्ली देणार नाहीत.