अमेरिकन लेखक थोरोच्या साध्या राहणीच्या विचाराप्रमाणे, काहीही न मिसळता, 'सगळं निसर्गावर सोपवून' वाइन करता येते का?

काहीही न मिसळता येते. निसर्गावर सोपवून येत नाही. तुमचं ते 'निसर्गावर सोपवून' वाचलं म्हणूनच लिहायला बसलो, कारण त्याच्यापायी माझी एक भागीदारी मोडली आहे.

भागीदार माझा जुना मित्र, थोरो त्याला तोंडपाठ. बाहेरचं यीस्ट नको, साखर नको, सल्फर (म्हणजे वाइन टिकवायला घालतात ते सल्फाइट) नको, इथपर्यंत आमचं जमत होतं. पण रसातली साखर मोजायचा हायड्रोमीटर आणि थर्मामीटरसुद्धा नको, हे मला पटेना. शेवटी एकाच मळ्यातली लाल द्राक्षं आम्ही दोन टाक्यांत वाटून घेतली. मी सकाळ-संध्याकाळ वर आलेला सालींचा थर रसात दाबायचो, तापमान बघायचो, साखर किती उतरली ते वहीत लिहायचो. तो टाकीला हातच लावायचा नाही. त्याच्या टाकीत वरच्या साली सुकल्या, चिलटं घोंघावायला लागली आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास सुटला. तो वास इथाइल ॲसिटेटचा. सुकलेल्या थराला हवा लागली की ॲसिटिक जिवाणू ताबा घेतात. मी तेव्हाही सांगितलं, थर दाब. त्याने ऐकलं नाही. माझ्या टाकीतली साखर पूर्ण संपली आणि स्वच्छ वाइन मिळाली. त्याच्या टाकीचं व्हिनेगर झालं. वर मला म्हणतो, "निसर्गाला हेच हवं होतं."

मग द्राक्षं वेलीवरच ठेवायची होती!

आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं तो थोरो कसा होता? वॉल्डन तळ्याला तळच नाही असं लोक म्हणायचे. याने १८४६ साली दोरीला दगड बांधून मोजलं, १०२ फूट भरलं. त्या तळ्याकाठी बांधलेल्या झोपडीचा खर्च लिहून ठेवला तो २८ डॉलर साडेबारा सेंट, अर्धा सेंटही सोडला नाही. पोटासाठी जमिनीची मोजणी करायचा. गरजा कमी करणं वेगळं आणि लक्ष कमी करणं वेगळं. त्याच्याच कॉन्कॉर्ड गावात एफ्रेम बुलने जंगली द्राक्षाच्या बियांपासून हजारो रोपं वाढवली आणि त्यांतून निवडून १८४९ साली कॉन्कॉर्ड द्राक्ष तयार केलं. फ्रान्समध्ये सल्फरशिवाय वाइनचा रस्ता दाखवणारा जूल शोवे हा तर रसायनाचा अभ्यासक होता.

सुरुवात कुठून, तर द्राक्षांपासून. फुटका, बुरशी लागलेला मणी आत जाऊ देऊ नका. काहीही न मिसळणाऱ्याला असे मणी चालवून घेण्याची चैन परवडत नाही. टाकी पाऊण भरा, साली फुगून वर येतात. पहिल्या दिवसांत सालीवरची जंगली यीस्टं काम करतात, अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आसपास गेलं की ती मागे पडतात आणि सॅकरोमायसीस हे वाइनचं मुख्य यीस्ट पुढचं ओढून नेतं. हा बदल अडला तर साखर उतरणं थांबतं, आणि ते फक्त हायड्रोमीटरवर दिसतं. तापमान ३५ अंशांकडे जाऊ देऊ नका, यीस्ट दमतं. आंबणं संपलं की भांडं काठोकाठ भरून बंद करा. पिंप, नळी, हात, सगळं धुतलेलं. स्वच्छतेवर मी कुणाशी वाद घालत नाही.

हो, रसाचा पीएच ३.६ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी, असेल तर सल्फरशिवाय करायचा हट्ट धरू नका. बाटलीत भरताना चिमूटभर घातल्याने कुणाची साधी राहणी बाटत नाही. बंद खोलीत आंबवत असाल तर आत जाण्याआधी दारं उघडी टाका, कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि जीव घेतो. आणि थोरो स्वतः तुमची वाइन प्यायला नसता, शहाण्याने पाणीच प्यावं असं त्याचं मत होतं.

कुणाबरोबर मिळून करणार असाल तर टाकी कोण बघणार आणि वही कोण लिहिणार, हे द्राक्षं तोडण्याआधी ठरवा. समोरचा मोजायला नाही म्हणाला तर त्याचा वाटा त्याला देऊन टाका आणि टाकी वेगळी ठेवा.