मागे चिकटलेला ट्रक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या वेळी पावसाळ्यातल्या टायरांवर लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत टायरांबद्दल दोनच प्रश्न निघाले. बाकी सगळी पत्रे एकाच तक्रारीची : महामार्गावर मागून येणारा ट्रक अगदी अंगावर येतो, काय करावे? मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली तेव्हापासून हा प्रश्न ऐकतो आहे, आणि त्यावर लोक एकमेकांना देत असलेली उत्तरेही ऐकतो आहे. त्यांतली निम्मी धोक्याची आहेत. म्हणून आज फक्त हाच विषय घेतो.

पुढच्या गाडीपासून नेमके किती मीटर अंतर ठेवायचे? मुलगा म्हणतो दहा मीटर, शिकवणारे म्हणाले होते एक गाडीभर. (म्हापसा)

दोन्ही चूक. मीटर मोजू नका, सेकंद मोजा. पुढची गाडी विजेच्या एखाद्या खांबापाशी पोचली की मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' म्हणा. तीन म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्याच खांबापाशी पोचलात तर जास्त जवळ आहात. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांचे ५० मीटर होतात. ८० च्या वेगाला जवळजवळ ६७. वेग बदलला तरी मोजणी तीच राहते, म्हणून ही पद्धत बरी. पावसात हे अंतर दुप्पट करा, आणि जूनच्या पहिल्या सरीत त्याहूनही जास्त, कारण चार-पाच महिन्यांचे तेल आणि धूळ त्या दिवशी रस्त्यावर तरंगते.

जुवारी पुलावर ट्रक मागे येऊन डिपर मारत राहतो. मित्र सांगतात, ब्रेकला हलकेच पाय लाव, मागचे लाल दिवे पेटले की तो घाबरून मागे हटतो. हे योग्य आहे का? (बांबोळी)

नाही. मित्रांचा हा सल्ला कृपा करून विसरा. तुमच्या मागे पंचवीस-तीस टनांचे वाहन आहे आणि तुम्ही त्याला अचानक ब्रेक लावायला सांगत आहात. त्याच्या मागेही कोणी चिकटलेले असेल, ते तुम्हाला दिसत नाही. कायद्याच्या बाजूनेही हा सल्ला तुम्हालाच अडचणीत आणेल. महामार्गावर इशारा न देता एकदम थांबणे हा निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट म्हटले आणि पुढच्या मोटारचालकावर जबाबदारीचा मोठा वाटा टाकला.

करायचे ते उलटे. तुमच्या पुढचे अंतर वाढवा. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू सैल करा, म्हणजे पुढे काही घडले तरी तुम्हाला जोरात ब्रेक लावावा लागणार नाही आणि मागच्यालाही सावकाश थांबता येईल. मागे ट्रक असताना तुम्हाला दोघांपुरती जागा पुढे ठेवावी लागते, हे पहिल्यांदा अन्यायाचे वाटेल, पण मागचे अंतर तुमच्या हातात नसते, पुढचे असते. मग डाव्या मार्गिकेत या आणि त्याला जाऊ द्या. त्याच्या दबावाने वेग मात्र वाढवू नका. वाहनाचा क्रमांक लक्षात राहिला आणि चालवणे खरेच बेफाम असेल, तर पुढे सुरक्षित जागी थांबून ११२ वर कळवा. चालत्या गाडीतून फोनवर चित्रीकरण करू नका.

मागून धडक बसली तर गाडी वाचावी म्हणून लोखंडी गार्ड बसवून देतो, असे अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने सांगितले. दिव्यांची लुकलुकणारी पट्टीही सोबत स्वस्तात देतो म्हणाला. (पर्वरी)

घेऊ नका. गाडीचा मागचा भाग चेपला जावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. तो चेपतो तेव्हा धडकेचा जोर तिथे खर्च होतो. चासीला घट्ट बोल्ट केलेला लोखंडी पाइप तोच जोर थेट तुमच्या पाठीपर्यंत पोचवतो. पुढच्या बाजूच्या गार्डने तर एअरबॅगच्या सेन्सरचाही हिशेब चुकतो. असे गार्ड बेकायदा आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या. तरी दुकाने उघडपणे विकतात आणि घेणाऱ्याला कोणी हे सांगत नाही, याचा मला संताप येतो. लुकलुकणारी पट्टीही नको. गार्ड किंवा पट्टी आधीच बसवली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काढून घ्या आणि सीटबेल्ट, सेन्सर तपासून घ्या.

मी वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीवरून जातो. ट्रकच्या मागे राहिले की वारा लागत नाही आणि पेट्रोल वाचते. (नुवे)

तसे जाऊ नका. ट्रकचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. त्याच्या पोटाखालून खड्डा बाहेर येतो तेव्हा तुमच्याकडे वळायलाही वेळ नसतो.

रिकामा ट्रक लवकर थांबतो, हे खरे ना? (डिचोली)

नेहमी नाही. ट्रकचे ब्रेक भरलेल्या वजनासाठी बांधलेले असतात. रिकाम्या ट्रकची मागची चाके हलकी असतात, जोरात ब्रेक लावला की ती चटकन जाम होऊन घसरतात, ओल्या रस्त्यावर तर मागचा भाग बाजूला फिरतो. एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर फरक पडतो, पण जुन्या ट्रकांत ते नसते. रिकामा ट्रक मागे दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

माझा मुलगा खनिजाचा ट्रक चालवतो. पुढच्या ट्रकला चिकटून नेतो म्हणून मी ओरडते. तो म्हणतो, 'अंतर ठेवले की कोणी ना कोणी मध्ये घुसतो, फेरी चुकते, मालक फेरीवर पैसे देतो. आणि माझे एअर ब्रेक आहेत, जागच्या जागी थांबतो.' त्याला काय सांगू? (उसगाव)

ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. हे उत्तर जरा लांबेल, मुलाला बसवून वाचून दाखवा.

आधी घुसणाऱ्यांचा हिशेब. एक गाडी मध्ये घुसली आणि मुलाने पुन्हा तीन सेकंदांचे अंतर केले, तर त्याचे तीन सेकंद गेले. एका फेरीत वीस गाड्या घुसल्या असे धरू. एक मिनिट गेला. वजनकाट्यावर आणि माल उतरवायच्या धक्क्यावर रांगेत उभे राहण्यात किती वेळ जातो, ते त्यालाच विचारा. फेरी चुकते ती तिथे. मध्ये घुसणाऱ्याचा राग येतो, ते मी समजू शकतो, पण रागाला वेळेचे नाव देऊ नये.

आता एअर ब्रेक. मोटारीत पेडल दाबले की तेल लगेच जोर पोचवते. ट्रकमध्ये पेडल फक्त झडप उघडते. मग हवा नळीतून मागच्या चाकापर्यंत जाते, चेंबर फुगतो, दांडा सरकतो, आणि तेव्हा लायनर, म्हणजे ब्रेकची पट्टी, चाकाच्या ड्रमला टेकतो. यात अर्धा सेकंद सहज जातो. ६० च्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे आठ मीटर, दोन मोटारींएवढे. हे चालकाचा पाय पेडलवर पडल्यानंतरचे. त्याच्या आधी डोळ्याने पाहून पाय उचलायला आणखी एक सेकंद लागतो, त्यात सतरा मीटर गेले. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंतच पंचवीस मीटर संपले. दहा मीटरवर चिकटलेल्या माणसाला कोणते ब्रेक वाचवणार? 'जागच्या जागी' काही थांबत नाही.

त्याला आणखी एक गोष्ट फसवते, ती उंची. ट्रकचा चालक उंच बसतो. पुढे मोटार असली तर तिच्या टपावरून लांबचा रस्ता दिसतो, म्हणून अंतर भरपूर आहे असे वाटते. पुढे दुसरा ट्रक असला तर त्याला फक्त मागचे फळके दिसते आणि पुढे काय चालले आहे याची काही खबर लागत नाही. खनिजाचे ट्रक ओळीने जातात, म्हणून शेवटच्याला सगळ्यांत उशिरा कळते.

आणि आता माझी सगळ्यांत मोठी काळजी. आपल्या गोव्यात खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, काही काळ सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या काळात किती ट्रक अंगणात, माडाखाली, पावसात उभे राहिले ते तुम्ही तुमच्याच गावात पाहिले असेल. उभ्या ट्रकचे ब्रेक चालत्या ट्रकपेक्षा वाईट खराब होतात. चेंबरमधला रबरी पडदा कडक होऊन चिरतो, नळ्या तडकतात, ड्रमला गंज चढतो, ब्रेकची ढील काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर अडकून बसतो. वाहतूक पुन्हा सुरू झाली तेव्हा यांतल्या काही गाड्यांना बाहेरून रंग मिळाला, आत कोणी हात घातला नाही. पेडल दाबल्यावर 'फुस्स' आवाज येतो म्हणून ब्रेक आहेत असे मानतात. तो आवाज हवेचा असतो, चाक थांबल्याचा नव्हे.

आपल्या दमट हवेत हवेच्या टाक्यांत पाणी साचते. मी तपासणीला आलेल्या एका टिपरच्या टाकीतून अर्धी बाटली तेलकट पाणी काढले आहे. तेवढी जागा हवेची कमी झाली, आणि ते पाणी झडपांत जाऊन गंज धरते तो वेगळाच. टाकीखालची ड्रेनची कळ रोज उघडायची असते, एक मिनिटाचे काम आहे. मुलाला विचारा, शेवटची कधी उघडली. उत्तर आठवावे लागत असेल, तर त्याने आजच उघडावी.

मालकाबद्दल. फेरीवर पैसे दिले तरी माणसाच्या तासांचा कायदा सुटत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात मर्यादा होती : दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मुलगा त्याहून जास्त चालवत असेल तर फोंड्याच्या किंवा जवळच्या कामगार कार्यालयात जाऊन विचारा, सोबत ट्रक संघटनेचा एखादा जाणता माणूस घ्या. एकट्याने मालकाशी भांडायला पाठवू नका. आणि अनुभवी एअर ब्रेक मेकॅनिककडून चारही बाजूंचे अ‍ॅडजस्टमेंट तपासून घ्या, नुसते पेडल दाबून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याकडून नव्हे.

अनमोड घाट उतरताना मागच्या ट्रकच्या चाकांतून जळका वास आणि धूर येत होता. ते काय? (मोले)

ब्रेक तापले होते. उतारावर गियर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा) न वापरता नुसत्या पेडलवर उतरले, किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रल मारले, की असे होते. न्यूट्रलने डिझेल वाचते ही ऐकीव गोष्ट आहे. आजच्या इंजिनात गियरमध्ये पाय सोडून उतरताना डिझेल जवळजवळ बंदच असते. असा ट्रक मागे दिसला तर रुंद जागा पाहून बाजूला व्हा, वळणावर नाही. आणि ट्रकवाल्यांना : तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. थांबून गार होऊ द्या, आणि पुढे जाण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

आमच्या मोटारीला ट्रकने मागून ठोकले. एजंट म्हणतो, मागचाच नेहमी दोषी, काळजी नको, या कोऱ्या फॉर्मवर सही करा. (मडगाव)

सही करू नका.

मागचा बहुधा दोषी ठरतो, नेहमी नाही. कायद्यात मीटर लिहिलेले नाहीत. पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक होणार नाही एवढे 'पुरेसे अंतर' मागच्याने ठेवावे, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात त्याचा अर्थ चांगल्या परिस्थितीत दोन ते तीन सेकंद असा सांगितला. त्या खटल्यात मोटार ट्रकच्या मागे होती, दहा-पंधरा फुटांवर, आणि दोष मोटारीकडे गेला. तुमच्या बाबतीत पुढे कोण, दिवे चालू होते का, कोणी कुठे वळले, हे सगळे पाहिले जाईल. पंचनाम्याची प्रत, फोटो आणि डॅशकॅमचे चित्रण असेल तर ते जपा. कोणी जखमी असेल तर भरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे, 'नंतर बघू' म्हणत बसू नका. मोटार अपघात न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलाला या आठवड्यातच भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

धडक किरकोळ होती, पण दुसऱ्या दिवसापासून मान आखडली आहे. शेजारच्या बाई मालीश करून देतात. (कुडचडे)

मालीश नको. मागून बसलेल्या धडकेचे दुखणे दुसऱ्या दिवशी वर येणे नेहमीचे आहे. डॉक्टरांना दाखवा. हाताला मुंग्या येत असतील, चक्कर येत असेल तर आजच, थांबू नका. मानेला झटका देऊ देऊ नका, कोणालाही.

माझ्या ट्रकची फिटनेस तपासणी मार्चमध्ये आहे. हवा जरा लवकर उतरते आणि ब्रेक उशिरा धरतात, पण मी अंतर ठेवून चालवतो. तोपर्यंत चालेल का? (वाळपई)

चालणार नाही. ट्रक आहे तिथे उभा करा, चाकांना दगडाची अडण लावा आणि मेकॅनिकला तिथे बोलवा. गॅरेजपर्यंतसुद्धा तो चालवत नेऊ नका.