शेणाने सारवलेली जमीन

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या गावच्या जुन्या घरात जमिनीला शेण लावायचे हे खरं का, आणि खरं असेल तर ते घर स्वच्छ कसं म्हणायचं, असं तू विचारलंस. वर्गातल्या मुलींनी नाक मुरडलं म्हणून तू त्यांना ‘छे, असं काही नसतं’ म्हणून सांगितलंस. असतं गं. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी जमीन कशाची होती ते बघ. साताऱ्याकडच्या जुन्या घरात खाली फरशी नव्हती, भुई होती. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकून बसवायचा. त्यावर मातीचा थर, तोही ओला करून चोपण्याने चोपून काढायचा. सुकताना त्याला बारीक भेगा पडतात. मग पुन्हा पाणी शिंपडून पुन्हा चोपायचं, भेगा बंद होईपर्यंत. नुसती काळी माती यासाठी चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे आठवड्यात तडे जातात. म्हणून देशावर पांढरी माती आणत. कोकणात तांबडी असते, तिथे हा प्रश्न कमी.

अशी भुई कितीही नीट केली तरी पायांनी झिजते. रोज थोडी माती सुटते, केर काढला की तिची धूळ होते. ती धूळ बसवायची आणि झिजलेलं भरून काढायचं, याचंच नाव सारवण. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात आणि ओलं शेण चिकट असल्यामुळे वाळल्यावर वर एक पातळ साय बसते. मग केर काढताना धूळ उडत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी त्या जमिनीवर नुसती चटई टाकून झोपता येतं.

आता कृती. शेण ताजं लागतं, त्याच सकाळचं. शिळ्यात किडे होतात आणि त्याचा चिकटपणा जातो. कडबा खाणाऱ्या जनावराचं शेण सगळ्यात चांगलं, कारण त्यात तंतू भरपूर. पावसाळ्यात जनावरं कोवळं हिरवं गवत खातात तेव्हा शेण पातळ होतं, ते नीट धरत नाही. दहा बाय दहा फुटांच्या खोलीला साधारण अर्धं घमेलं शेण पुरतं. त्यातले खडे, काड्या, कडब्याचे तुकडे हाताने वेचून काढायचे, नाहीतर सारवताना रेघोट्या उठतात. मग जवळजवळ तेवढंच पाणी थोडं थोडं घालत हाताने कालवायचं. जिथे भुई उखडली असेल तिथल्यापुरती चाळलेली माती मिसळायची. हातातून ओघळलं पाहिजे, पण पाण्यासारखं पळता कामा नये.

खोलीचा केर काढायचा आणि जमिनीवर पाण्याचा हलका हबका मारायचा. ही पायरी नवशिक्या हमखास सोडतात. कोरड्या धुळीवर सारवलं की शेण धुळीला चिकटतं, जमिनीला नाही, आणि दोन दिवसांत पोपडे निघतात. सुरुवात दारासमोरच्या भिंतीपासून करायची आणि मागे सरकत दाराकडे यायचं. उकिडवं बसायचं, डावा हात गुडघ्यावर, उजव्या हाताचा तळवा आणि बोटं जुळवून अर्धगोलात फिरवायची. प्रत्येक अर्धगोल आधीच्यावर थोडा चढला पाहिजे. वाळल्यावर त्या हातांच्या कमानी ओळीने दिसतात, आणि कोणी सारवलंय हे त्या कमानींवरून घरातल्या बायका ओळखत. थर अगदी पातळ हवा. जाड लेप दिला की वाळताना तडकतो, आणि आठवड्यामागून आठवडे थरावर थर चढले तर एक दिवस मोठे पापुद्रेच सुटून येतात. म्हणून पावसाळा संपला की जुने थर खरवडून भुई नव्याने करत. कोकणात तर दसरा-दिवाळीच्या सुमारास अख्खं अंगण खणून, चोपून पुन्हा तयार करतात, कारण चार महिन्यांच्या पावसाने ते शेवाळून जातं.

उन्हाच्या दिवसांत खोली तास-दोन तासांत वाळते, पावसाळ्यात दिवस जातो. ओल्यावर पाय पडला तर ठसा पुढच्या सारवणापर्यंत तसाच राहतो. वास वाळेपर्यंतच येतो, नंतर जातो. वाळल्यावर कडेला रांगोळीच्या दोन रेघा ओढायच्या. सारवलेली जमीन मोकळी ठेवत नाहीत.

चुलीचं वेगळं. तिला रोज पोतेरं द्यायचं, म्हणजे माती-शेणाच्या पाण्यात फडकं बुडवून तिच्यावरून फिरवायचं. दारापुढचा सडाही रोजचा, पण तो नुसता शेणाच्या पातळ पाण्याचा शिडकावा. आतल्या खोल्या आठवड्याला, आणि सणाच्या आदल्या दिवशी सगळंच. धान्याची बांबूची कणगी आतून-बाहेरून लिंपत, म्हणजे फटी बुजतात आणि दाणा सांडत नाही. ज्वारीची मळणी व्हायची ते खळंही आधी सारवत, नाहीतर धान्यात माती येणार आणि भाकरी कचकचणार.

आता तुझा स्वच्छतेचा मुद्दा. शेणाने जंतू मरतात असं तुला कोणी सांगेल, मी सांगणार नाही. ताज्या शेणात जंतू असतातच, धनुर्वाताचेही असू शकतात. नव्या बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या जुन्या चालीने कित्येक बाळं दगावली, हेही खरं आहे. पण मातीच्या जमिनीपुरतं बोलायचं तर सारवलेलं घर न सारवलेल्यापेक्षा नक्कीच स्वच्छ. कुठे उंदराने बीळ केलंय, कुठे वाळवी लागलीय, कुठे ओल येतेय, हे आठवड्याला प्रत्येक वीतभर जमिनीवरून हात फिरवणाऱ्या बाईला लगेच कळायचं. बिळात काचा आणि दगड ठासून वरून माती लिंपली की काम झालं.

आणि मैत्रिणींना सांगशील तेव्हा हेही सांग, की हे सगळं काम बायकांचं होतं. गोठ्यातून शेण काढणं, पाणी भरून आणणं, तासभर उकिडवं बसून सारवणं, तेही स्वयंपाकाच्या आधी. थंडीत पहाटे त्या गार शेणपाण्याने हात फुटायचे, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. पुढे शहाबादी फरशी परवडायला लागली तेव्हा आधी स्वयंपाकघरात आली, आणि सासरी-माहेरी कुठेही एकाही बाईने तिच्याविरुद्ध तक्रार केली नाही. सारवलेल्या घराच्या आठवणी काढून हळहळणाऱ्या माणसांना मी म्हणूनच विचारते, सारवायचं कोण?

डिसेंबरात गावी जाशील तेव्हा तुळशीपुढचा चौकोन तूच सारव. तेवढ्याला दोन मुठी शेण पुरेल. नखं कापून जा, बोटाला कुठे कापलं-खरचटलं असेल तर हात घालू नकोस, आणि झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत धू. काकूला आदल्या रात्री सांगून ठेव, कारण सकाळी गोठा झाडला की शेण उकिरड्यावर जातं आणि मग कालचंच उरतं.

तुझी,
आई