मुलगी अबोल आहे, डॉक्टर होऊ दे का?

नमस्कार ताई,

मुलीला जीवशास्त्राचं वेड आहे, डॉक्टर व्हायचंच म्हणते. पण चार माणसांत बसली की नुसती ऐकत राहते. ‘डॉक्टरचं अर्धं औषध जिभेवर असतं’ असं घरचे म्हणतात, म्हणून तिला संशोधनाकडे वळवावं का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्यावरून वळवू नका. १९७५ साली ब्रिटनमध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला होता. त्यांपैकी ६६ जणांचं निदान आधीच्या डॉक्टरने दिलेली चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकूनच बरोबर झालं होतं. अंगाला हात लावून तपासल्यावर मत बदललं ते ७ जणांबाबत, लॅबच्या तपासण्यांनंतर आणखी ७ जणांबाबत. पुढे तपासण्या खूप सुधारल्या, तरी कोणती करायची हे आजही हकिकतच ठरवते.

‘छातीत दुखतंय’ एवढंच घ्या. चालताना दुखतं आणि थांबलं की ओसरतं? मग आधी हृदयाची शंका. खोल श्वास घेताना टोचतं? कदाचित फुप्फुसाचं आवरण. जेवून आडवं झालं की जळजळतं? बहुधा अन्ननलिका. तक्रार एकच, पण रस्ते तीन, आणि कुठला धरायचा ते रुग्णाच्याच तोंडून कळतं. तेही सरळ नाही. कित्येक जण मुख्य गोष्ट उठून दाराशी गेल्यावर सांगतात! मध्येच तोडणाऱ्या बोलक्या डॉक्टरच्या हातून ती सुटते.

मात्र ऐकणं वेगळं आणि माणसांना टाळणं वेगळं. तुमची मुलगी यातलं काय करते, ते मला पत्रावरून कळलं नाही. वाईट बातमी सांगताना शब्द लागतातच. ते सरावाने येतात, हल्ली अभ्यासक्रमात शिकवतातही. पण अनोळखी माणूस नकोसाच वाटत असेल, तर पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत रुग्णांशी बोलणं फार कमी. अर्थात डॉक्टर होऊन तिथे जायचं, तर आधी वॉर्डात उभं राहावंच लागतं. ते टाळायचं असेल, तर मूलभूत संशोधनाचा विचार जरूर करा.

तूर्त एवढं करा. नात्यातल्या एखाद्या जुन्या दुखणेकऱ्यापाशी तिला तासभर बसवा आणि ‘कधीपासून, कसं’ एवढंच विचारायला सांगा. तुम्ही तिथे थांबू नका. परत आल्यावर तिने आपणहून आणखी कोणते प्रश्न विचारले, ते मला लिहून पाठवा.