कारच्या धडकेत भाऊ कायमचा अपंग झाला. कारवाला दोन लाखांत मिटवा म्हणतो. घ्यावेत का? केस किती वर्षं चालते?

घेऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात करू नका.

आमच्याकडंही हेच झालं. माझा धाकटा भाऊ केजच्या बाजारातून मोटारसायकलवर घरी येत होता. ओव्हरटेक करणाऱ्या कारनं समोरून उडवलं. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. वय 29. ऊसतोडीला जायचा. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी धरतात. नवऱ्याचा हात गेला तसं भावजयीचंही काम गेलं. मुकादमाची उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, तर आधीच घेऊन खर्चली होती. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या, गाव रिकामं झालं अन् हा ओसरीवर बसून राहिला. एका हातानं भाकरी मोडत नाही. भावजय कुस्करून द्यायची, तो मान वर करायचा नाही.

दवाखान्यातच तात्या, आमचे चुलते, म्हणाले, "कारवाला पन्नास हजार देतोय, घ्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." मी नाही म्हणालो. चार वर्षं ते आमच्या दारात आले नाहीत.

आता हिशोब बघा. दाखल्यावर अपंगत्व 60 टक्के. विमा कंपनीचा वकील तेवढंच धरा म्हणत होता. पण सर्वोच्च न्यायालयानं 2010 सालीच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलंय की दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही, माणसाची कमाई किती बुडाली ते बघायचं. एका हातानं ऊस तुटत नाही, म्हणजे कमाई शंभर टक्के बुडाली. महिना 12 हजार धरा, त्यावर पुढच्या वाढीचे 40 टक्के, अन् त्या हिशोबानं होणाऱ्या वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणं 17 नं गुणायचं. झाले 34 लाख 27 हजार. साठ टक्क्यांनी तेच 20 लाख 56 हजार. दवाखान्याचा खर्च अन् यातना यांचे वेगळे. पगारपत्रक नव्हतं म्हणून आम्ही उचलीचा कागद लावला, मुकादमाची साक्ष घेतली.

दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, तुम्ही राहता तिथंही लावता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय, म्हणून डिस्चार्जची वाट बघत बसू नका. फिर्याद आणि पंचनाम्याची नक्कल आधी काढा.

आमची केस चार वर्षं चालली. तुमची किती चालेल ते कुणी सांगू शकत नाही. भावाचीही चूक निघाली तर तेवढी रक्कम कापतात. अन् कारचा विमाच नसेल तर मालकाकडून वसुली फार अवघड, तेव्हा वकिलाला विचारूनच ठरवा.

तात्या अजून म्हणतात, मी कोर्टापायी घर फोडलं. त्यांच्या पन्नास हजारांत मुकादमाची उचलसुद्धा फिटली नसती.