वाचकांचे प्रश्न : ‘बहादुर’ची प्रतिकृती पारखताना

प्रश्न : माझे वडील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२७ विमानांच्या जुळणीच्या कामावर होते. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त या विमानाची प्रतिकृती भेट द्यावी, असा विचार आहे. एका विक्रेत्याने ‘मिग-२७ बहादुर’ (‘बहादुर’ हे या विमानाचे भारतीय हवाई दलातील नाव) म्हणून तयार प्रतिकृतीची छायाचित्रे पाठवली आहेत. ती खऱ्या विमानाबरहुकूम आहे की नाही, हे कसे ओळखावे आणि कोणते प्रमाण निवडावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भेट स्वीकारणारेच जाणकार असल्यामुळे आपण रंगाच्या झळाळीला भुलू नये, आधी आकार तपासावा. बाजारात मिग-२३ च्या प्रतिकृतीवर मिग-२७ चे नाव सर्रास चिकटवले जाते, कारण दोन्ही विमानांचा सांगाडा मुळात एकच आहे. मिग-२३ चे लढाऊ रूप आकाशातल्या शत्रूसाठी होते, म्हणून त्याच्या नाकात रडार असे आणि ते नाक सुळकेदार शंकूसारखे दिसे. मिग-२७ हे जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करण्यासाठी बनवलेले असल्याने त्यातून रडार काढून टाकण्यात आले, वैमानिकाला खालचे स्पष्ट दिसावे म्हणून नाक पुढे उतरते केले गेले आणि टोकाशी लेसर अंतरमापकाची काचेची खिडकी आली. प्रतिकृतीचे नाक शंकूसारखे असेल, तर पुढचे काही पाहण्याची गरजच नाही.

नाक उतरते असले तरी ते मिग-२३बीएन, म्हणजे मिग-२३ चे जमिनीवर हल्ला करणारे रूप, असू शकते, आणि तेही आपल्या हवाई दलात होतेच. अशा वेळी प्रतिकृती उलटी करून पोटाखालची तोफ पाहावी. मिग-२३बीएनला २३ मिलिमीटरची दोन नळ्यांची तोफ होती, तर मिग-२७ ला ३० मिलिमीटरची सहा नळ्यांची. शिवाय या सहा नळ्यांचा जुडगा उघडाच दिसतो. दुसरी खूण म्हणजे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंची हवा घेणारी तोंडे. मिग-२३ मध्ये ती वेगानुसार आतून बदलत आणि त्यांच्यापुढे बारीक छिद्रांची मोठी उभी पाटी असे. मिग-२७ ला उंचावरच्या प्रचंड वेगाची गरज नसल्याने ती साधी आणि अचल ठेवली गेली.

यानंतरची परीक्षा बनवणाऱ्याच्या अभ्यासाची आहे. शेपटीखालचा उभा पर चाके खाली आल्यावर एका बाजूला दुमडला जातो, अन्यथा तो धावपट्टीला घासला असता. त्यामुळे चाकांवर उभ्या असलेल्या प्रतिकृतीचा हा पर सरळ खाली लोंबत असेल, तर विमान न पाहताच ती बनवली आहे, असे खुशाल समजावे. पंखांचेही तसेच आहे. या विमानाचे पंख १६, ४५ आणि ७२ अंशांवर मागे वळतात; परंतु पंखांच्या बाहेरच्या भागातील इंधनटाक्यांचे पायलॉन (टाक्या अडकवण्याचे आधार) पंखाबरोबर फिरत नसल्याने त्या टाक्या पंख पूर्ण पसरलेले असतानाच लावता येतात. पंख मिटलेले आणि त्यांच्याखाली टाक्या तिरक्या झालेल्या, असे चित्र दिसले तर ती प्रतिकृती घेऊ नये. आपल्या वडिलांच्या नजरेतून हा दोष सुटणार नाही!

प्रमाणाबाबत जागा हाच निकष ठेवावा. मूळ विमान सुमारे १७ मीटर लांब असून पंख पसरल्यावर त्याची रुंदी १४ मीटरच्या आसपास भरते. म्हणजे १:७२ प्रमाणात प्रतिकृती साधारण २४ सेंटिमीटर लांब होते आणि शोकेसमध्ये सहज मावते; १:४८ मध्ये हीच लांबी ३५ सेंटिमीटरपुढे जाते, पण तोफेच्या नळ्या आणि कॉकपिट यांचे बारकावे चष्म्याशिवायही दिसतात. या वयाच्या व्यक्तीसाठी मी १:४८ ची शिफारस करेन. या प्रमाणात ट्रम्पेटर या चिनी कंपनीचे मिग-२७ आणि मिग-२७एम असे वेगवेगळे संच आहेत. भारतात बनलेले विमान ‘एम’च्या घराण्यातले असल्याने दुसरा संच घेऊन एखाद्या कुशल कारागिराकडून तो जोडून घ्यावा आणि भारतीय चिन्हांचे डेकल (प्रतिकृतीवर चिकटवायची छापील चिन्हे) वेगळे मागवावेत. रंगवण्यापूर्वी मात्र त्याला एका विशिष्ट विमानाचे, क्रमांक दिसेल असे छायाचित्र द्यावे. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला निरोप घेतलेल्या विमानांची छायाचित्रे सहज मिळतात.

प्रश्न : भारतीय तिरंगी चिन्हे असलेली सुखोई-२५ ची धातूची प्रतिकृती मला देऊ केली आहे. ती दुर्मीळ म्हणून घ्यावी का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : दुर्मीळ म्हणून मुळीच घेऊ नये. सुखोई-२५ हे उत्तम हल्लाविमान असले, तरी भारतीय हवाई दलाने ते कधीच वापरले नाही. त्यामुळे ती चिन्हे काल्पनिक आहेत. भारतीय चिन्हांसह सुखोईचे हल्लाविमान हवेच असेल, तर १९६८ पासून आपल्याकडे आलेले आणि १९७१ च्या युद्धात लढलेले सुखोई-७ शोधावे.

प्रश्न : कोकणातील दमट हवेत प्लास्टिकच्या प्रतिकृती कशा जपाव्यात?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काचेचे बंद कपाट वापरावे, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वारंवार बदलाव्यात आणि थेट ऊन टाळावे, कारण उन्हाने डेकल पिवळे पडतात. कपड्यांच्या कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या मात्र तेथे अजिबात ठेवू नयेत. त्यांतील नॅफ्थॅलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन, म्हणजे प्रतिकृतींचे प्लास्टिक, मऊ पडते.